मिश्रवंशीय मुलाची ओळख करून देताना आणि करून घेताना

माझ्या भाचीने केनियातील एका गृहस्थाशी लग्न केले. बाळंतपणासाठी ती रीतीप्रमाणे माहेरी आली, त्यामुळे तिच्या मुलाचा जन्म नाशिकचा आहे. तो आता दहा वर्षांचा आहे आणि गेली तीन वर्षे ते कुटुंब इथेच राहते. या तीन वर्षांत सोसायटीत, लग्नकार्यात, दुकानात आणि शाळेत त्याच्याविषयी जे बोलले गेले, त्यातले थोडे वाईट हेतूने होते आणि बरेचसे निव्वळ न सुचल्यामुळे होते. ज्यांच्या नात्यात, वर्गात किंवा शेजारी असे मूल आहे, त्यांना काय बोलावे आणि काय टाळावे हे आधीच ठाऊक असावे, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली तयारी स्वतःच्या मनाची करावी लागते. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतर आडनाव, आडनावानंतर गाव आणि मग हळूच ‘कुणापैकी?’ असा प्रश्न येतो. उत्तर मिळाले की आपण त्या माणसाला एका खणात ठेवतो आणि निश्चिंत होतो. ज्याचा चेहरा, आडनाव आणि भाषा एकमेकांशी जुळत नाहीत त्याच्या बाबतीत ही पद्धत अडखळते, आणि अडखळलेला माणूस आपल्या पद्धतीवर शंका न घेता समोरच्यावर घेतो. तो खरोखर इथला आहे का, आई खरीच आहे की सांभाळणारी आहे, दत्तक तर नाही ना, असे तर्क सुरू होतात. माझ्या भाचीला नाशिकच्या रविवार कारंजा चौकात एका अनोळखी बाईंनी मुलादेखत विचारले होते, ‘हा तुमचाच का?’ या प्रश्नाला योग्य वेळ कोणतीही नाही. तो कधीच विचारू नये.

बोलायला सुरुवात मराठीतून करावी. आमच्या मुलाशी दुकानदार इंग्रजीत बोलतात, रिक्षावाले हिंदीत बोलतात, आणि गोदाघाटावर तर त्याला पर्यटक समजून दर वेगळे सांगितले जातात. त्याने मराठीत उत्तर दिले की ‘अरे वा, किती छान मराठी बोलतोस!’ अशी शाबासकी मिळते. बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो, हे मी मानते. पण तो आईची भाषा बोलतो आहे. वर्गातल्या इतर कोणत्याही मुलाला मराठी येते म्हणून कोणी शाबासकी देत नाही, हे त्याच्या लक्षात येतेच. मराठीत विचारावे, मराठीत आलेले उत्तर सहज स्वीकारावे आणि पुढचे बोलावे. प्रश्न त्यालाच विचारावा, त्याच्या डोक्यावरून आईला नव्हे.

कुतूहल असणे यात गैर काही नाही, पण त्याची वेळ पाहावी. ‘तू कुठला?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नये, कारण ‘नाशिकचा’ या उत्तरावर बहुतेकांचे समाधान होत नाही आणि ‘तसं नाही, मूळचा कुठला?’ असा दुसरा प्रश्न येतो. या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मुलाच्या कानाला असा लागतो की पहिले उत्तर खोटे ठरले. ओळख वाढली, त्याच्या घरी जाणे-येणे झाले, की वडिलांचे गाव, तिथले जेवण, आजी-आजोबा हे विषय आपोआप निघतात. आणि आपण आपल्या माहेराविषयी आधी सांगितले तर मूलही मोकळेपणाने सांगते.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘संकरित’ हा शब्द गायीला आणि ज्वारीच्या बियाण्याला लावावा, माणसाला लावू नये. ‘हायब्रीड’ म्हटल्याने तो सभ्य होत नाही. ‘वर्णसंकर’ या शब्दाला आपल्याकडे कुळाच्या ऱ्हासाचा अर्थ फार जुन्या काळापासून चिकटलेला आहे. ‘हबशी’ हा शब्द एकेकाळी अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, लोकांसाठी होता आणि मलिक अंबराच्या इतिहासात तो आदरानेही येतो, पण आज रस्त्यावर तो ज्या सुरात उच्चारला जातो त्या सुरात तो शिवीच असतो. ‘अर्धा भारतीय’, ‘हाफ’ असे म्हणणेही टाळावे, कारण त्यातून ऐकणाऱ्याला काहीतरी कमी असल्याचे कळते. ‘मिश्रवंशीय’ हा शब्द लेखात किंवा चर्चेत ठीक आहे, म्हणून मीही वापरला आहे. परंतु समोर उभ्या असलेल्या मुलाला कोणी ‘हा मिश्रवंशीय’ म्हणत नाही. सांगणे खरोखर गरजेचे असेल तर ‘आई नाशिकची, वडील केनियाचे’ एवढे पुरते.

कौतुकाचेही तसेच आहे. ‘बरं झालं, आईचा रंग घेतला’ हे वाक्य बारशाला बोलले जाते आणि पुढे दहा वर्षे त्या मुलाच्या कानावर पडत राहते. त्यात वडिलांचा रंग वाईट असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि तो आपल्या वडिलांचा मुलगा असतो. ‘अशी मुलं फार सुंदर असतात’ हेही नको. त्यातून तो एक जात, एक प्रकार ठरतो. त्याच्या केसांना हात लावण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. भावंडांची तुलना तर मुळीच करू नये. त्वचेचा रंग एका जनुकाने ठरत नाही, त्यात अनेक जनुकांचा वाटा असतो, म्हणून एकाच आई-बापाच्या दोन मुलांत एक उजळ आणि एक गडद असू शकते. अशा घरांत लोक एकाला ‘आपल्यातला’ आणि दुसऱ्याला ‘तिकडचा’ ठरवून मोकळे होतात, आणि ती विभागणी घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते.

नात्यातला एखादा शिकलेला माणूस ठामपणे म्हणतो, ‘काही म्हणा, शास्त्राप्रमाणे तो आफ्रिकनच.’ अशा वेळी वाद न घालता हे शिक्के कोणी आणि कसे बनवले ते सांगावे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय पूर्वजांचा अंश अर्धा, पाव की अष्टमांश यानुसार वेगवेगळे शब्द होते. १९३० पर्यंत ते सारे गेले आणि एक थेंब रक्त असले तरी तो माणूस कृष्णवर्णीय, असा नियम उरला. २००० मध्ये प्रथमच एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा मिळाली. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली माणसांची वर्णवार विभागणी झाली, आणि कोणता गट हे ठरवण्यासाठी केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की खाली पडते हेही पाहिले जाई. ब्राझीलमध्ये २०२२ च्या जनगणनेत स्वतःला मिश्र म्हणवणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा निघाला. म्हणजे एकच मूल सीमा ओलांडताच किंवा दशक उलटताच वेगळे ठरते. यात शास्त्र कुठे आले?

आपलीही परंपरा फार निराळी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचा, कोण याची व्याख्या आहे आणि तीत वंश केवळ पित्याकडच्या पुरुष पूर्वजांवरून ठरतो. आई युरोपीय वंशाची असली तरी तेवढ्याने मूल त्या व्याख्येत बसत नाही. इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत आणि देवळाली कॅम्पात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे शेजारी आठवत असतील. त्यांना ‘साहेबांची माणसं’ म्हणणारे आपलेच लोक होते, आणि साहेब त्यांना आपल्यातले मानत नव्हते.

आमच्या मुलाला मी एकदा शरणपूर रोडवरून चालत नेले आणि तिथली कथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची जहाजे पकडून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही नाशिकच्या या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला आली, इथे शिकली आणि कारागिरीही शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूच्या वेळी आफ्रिकेत त्याच्या तुकडीत होता, आणि त्याचा मृतदेह घेऊन थेट इंग्लंडपर्यंत गेला. इथून परतलेल्या कित्येकांना पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन वसाहतीत वसवण्यात आले. ती मुले मिश्रवंशीय नव्हती, पण नावाची गोष्ट तीच आहे: नाशकात ते आफ्रिकन होते आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. आमच्या मुलाला हे लगेच समजले, कारण नैरोबीला आजोबांकडे गेला की गल्लीतली मुले त्याला ‘म्हिंदी’ म्हणतात, म्हणजे भारतीय. अशी स्थानिक गोष्ट आपल्या गावात सापडली तर मुलाला जरूर सांगावी. आपल्यासारखा गोंधळ इतरांच्याही वाट्याला आला होता आणि तोही इथेच, हे कळल्याने त्याला बरे वाटले, हे मी पाहिले आहे.

आता ओळख करून देण्याविषयी. इथे चूक माझी स्वतःची आहे. गेल्या वर्षी एका लग्नात मी माझ्या दोन्ही नातवांची ओळख करून दिली. मोठ्याबद्दल म्हटले, ‘हा आठवीत आहे, तबला शिकतो.’ आणि याच्याबद्दल कोणी विचारण्याआधीच म्हटले, ‘हा भाचीचा, याचे वडील आफ्रिकेचे.’ घरी आल्यावर त्याने विचारले, ‘आजी, दादाचे बाबा कुठले ते तू का नाही सांगितलंस?’ मला उत्तर देता आले नाही. लोकांच्या मनातला प्रश्न आधीच मिटवावा, म्हणजे कोणी वाकडे बोलणार नाही, असा माझा हिशेब होता; पण त्यात तो मुलगा, त्याचे बुद्धिबळ, त्याची चौथी, सारे पुसले गेले आणि फक्त वंश उरला. तेव्हापासून मी इतरांविषयी जे सांगते तेच त्याच्याविषयी सांगते: नाव, इयत्ता, आवड. बाकीचे सांगायचे की नाही हे त्याच्यावर सोपवले आहे. तो कधी ‘नाशिकचा’ म्हणतो, कधी ‘केनियाचा’ म्हणतो, आणि कधी काहीच न बोलता खेळायला पळतो. यातले एक उत्तर खरे आणि दुसरे खोटे असे नसते, म्हणून मोठ्यांनी मध्येच त्याला दुरुस्त करू नये आणि उत्तर पाठही करून घेऊ नये. मूल मोठे होताना स्वतःसाठी वापरायचा शब्द बदलते. काल ‘मी दोन्हीकडचा’ म्हणणारा उद्या ‘मी कृष्णवर्णीय’ म्हणेल. तो बदल आपण मान्य करावा.

शाळेतल्या कामांपैकी प्रवेश अर्ज सर्वांत कटकटीचा. एका शाळेत लेखनिकाने मुलाकडे पाहून राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘विदेशी’ असे लिहून टाकले होते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेले मूल, आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर जन्मानेच भारतीय असते. त्यामुळे जन्मदाखला आणि आईच्या नागरिकत्वाचा पुरावा सोबत ठेवावा आणि नोंद तिथल्या तिथे बदलून घ्यावी, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच नोंद उतरते. वंशाचा रकाना आपल्या अर्जात नसतो, जनगणनेतही नसतो. म्हणून ‘जात’ या रकान्यात ‘आफ्रिकन’ लिहू देऊ नये. मातृभाषेपुढे मूल घरी जी भाषा बोलते ती लिहावी.

वर्गशिक्षिकेला वर्षाच्या सुरुवातीलाच भेटून तीन गोष्टी मोकळेपणाने सांगाव्यात. वंशवृक्ष काढायला दिल्यास दोन्ही बाजूंना जागा ठेवावी. चित्रकलेच्या तासाला ‘अंगाचा रंग’ म्हणून एकच फिकट गुलाबी खडू सर्वांना देऊ नये. आणि स्नेहसंमेलनात त्याला राक्षसाचा किंवा जंगलातल्या माणसाचा वेष देऊन ‘तुला छान शोभेल’ असे म्हणू नये. तिसरी गोष्ट आमच्याकडे प्रत्यक्ष घडली. बाईंना सांगितल्यावर त्यांनी वाईट वाटून घेतले, पण ऐकलेही. यंदा तो नाटकात पोस्टमन आहे आणि खाकी टोपी रोज घरी घालून बसतो.