सोलर बसवताय? आधी विजेच्या बिलावरचं नाव वाचा

सगळ्यात आधी विजेचं बिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा. युनिट नकोत, रक्कम नको, नाव. ते माणूस हयात आहे का? अनुदान ज्याच्या बँक खात्यात यायचंय त्याचंच ते नाव आहे का, आडनावाच्या स्पेलिंगसकट? नसेल तर पुढचं काहीही करू नका, आधी नाव बदलून घ्या. आमचं बिल सासऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, नावावर होतं. ते जाऊन सहा वर्षं झालेली. बिल दर महिन्याला यायचं, आम्ही भरायचो, नावाकडे कुणी बघितलंच नाही. पॅनल लागले, मीटर बदलला, आणि अनुदानाचे ७८,००० रुपये अडकले, कारण खातं ह्यांचं आणि बिल दादांचं. ती रक्कम आली की कर्जात भरायची असं ठरलं होतं. पाच महिने व्याज पूर्ण रकमेवर गेलं. नावबदलासाठी मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि बाकीच्या वारसांची संमती लागली. नणंदेच्या सहीचा कागद यायलाच तीन आठवडे गेले. म्हणून हे पहिलं.

आता पैसे. घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेत संचाच्या पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. तिथे संपलं. पाच बसवा नाहीतर दहा, ७८,००० च. त्यामुळे कुणी मोठा संच गळ्यात मारत असेल तर आधी वर्षभराची बिलं समोर मांडा. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, पावसाळ्यात कमी. महिन्याला दोनशे युनिट लागणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरे. फ्लॅटवाल्यांचं गणित वेगळं: सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,०००.

छत मजबूत हवं, हे सांगायला नको. सावली मात्र स्वतः बघा, आणि थंडीत बघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावल्या लांब पडतात. दुपारी तीनला गच्चीवर जाऊन टाकीची सावली जिथवर येते तिथे खडूने रेघ मारा. जागा बघायला आलेला माणूस मे महिन्यात सकाळी अकराला येतो, त्याला ती दिसत नाही.

विक्रेता योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतलाच हवा. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्या, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. दुसरे स्वस्त मिळतात, पण त्यांवर अनुदान नाही. तोंडी आश्वासन चालवू नका. जुनं कोटेशनही चालवू नका. पॅनलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय. आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. ग्राहक म्हणजे कोण? बिलावर नाव असलेला. परत सांगते, बिलावर ज्याचं नाव तो.

कर्ज घेणार असाल तर सरकारी बँकेत या योजनेचंच कर्ज मागा. तीन किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही. साधं वैयक्तिक कर्ज घेऊ नका, व्याज खूप जास्त पडतं.

अर्ज पोर्टलवर भरायचा. ग्राहक क्रमांक टाकण्याआधी नाव बघितलंत ना?

पुढचं थोडक्यात. संच बसला की पॅनलचे नंबर दिसतील असे फोटो काढून ठेवा. नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि परत पाठवलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, मागे लागा, तो लागेपर्यंत जास्तीची वीज तुमच्या हिशोबात धरत नाहीत. मग तपासणी, मग पोर्टलवर खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक. स्थिर आकार बिलात राहतोच, त्यामुळे शून्य बिलाची वाट बघू नका. पाण्याचा नळ गच्चीवर घ्या, धूळ धुवायला लागते.

ही यादी बहिणीसाठी लिहायला घेतली होती. तिला काल रात्री बिल काढायला लावलं. वर अजून तिच्या सासूबाईंचं नाव आहे. सोमवारी ती नावबदलाचा अर्ज देतेय, विक्रेत्याला तोवर थांबायला सांगितलंय.