राष्ट्रप्रमुख रुसले तर… समजूत काढताना या चुका टाळा

२९ ऑक्टोबर २०२१. रोममधलं व्हिला बोनापार्ते. व्हॅटिकनसाठी नेमलेल्या फ्रेंच राजदूताची ही कचेरी. म्हणजे शहर इटलीचं, पण उंबरठा फ्रान्सचा. जी-२० परिषदेसाठी आलेले अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन तो उंबरठा ओलांडून आत गेले आणि कॅमेऱ्यांसमोर, फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या शेजारी बसून म्हणाले की आम्ही केलं ते वेंधळेपणाचं होतं, त्यात फारशी शालीनता नव्हती.

आपल्याकडे व्याही रुसला की मुलाचा बाप त्याच्या घरी जातो, त्याला आपल्याकडे बोलवत नाही. बायडेन यांच्या माणसांना हे कुणी सांगितलं माहीत नाही, पण केलं त्यांनी तेच.

दुखणं सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये १२ पाणबुड्यांसाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपची निवड केली होती. (आपल्याला ही कंपनी परकी नाही. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातल्या पाणबुड्यांची मूळ रचना तिचीच.) १५ सप्टेंबर २०२१ ला बायडेन, ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी एकत्र पडद्यावर येऊन 'ऑकस' करार जाहीर केला. ऑस्ट्रेलिया आता अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेणार, म्हणजे फ्रान्सचा करार कचऱ्यात. पॅरिसला हे कळलं ते जवळजवळ जगाबरोबरच. परराष्ट्रमंत्री ल द्रियाँ 'पाठीत खंजीर' म्हणाले, आणि १७ तारखेला फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरातले राजदूत माघारी बोलावले. अमेरिकेतून राजदूत बोलावण्याची ही फ्रान्सची पहिलीच वेळ.

अपमान एकच, करणारे तिघे. त्यातल्या एकाचं दीड महिन्यात मिटलं, दुसऱ्याचं खुर्ची जाईपर्यंत मिटलं नाही, तिसऱ्याने जुनं मिटण्याआधी नवं काढलं. रुसवा कसा काढावा आणि कसा काढू नये, हे शिकायला याहून सोयीचं उदाहरण मला तरी दिसलेलं नाही.

दुखतंय कुठे, हे न बघता मलम लावणं

कॅनबेराचं म्हणणं ऐका: डिझेलवरच्या पाणबुड्या आता आमच्या कामाच्या नाहीत, करारात बाहेर पडायची तरतूद होती, देशहित आधी. यातलं काही खोटं नाही. पण फ्रान्सचं दुखत होतं ते दुसरीकडेच. ३० ऑगस्टला, म्हणजे जेमतेम पंधरवड्यापूर्वी, दोन्ही देशांच्या परराष्ट्र आणि संरक्षणमंत्र्यांनी संयुक्त निवेदन काढून याच पाणबुडी प्रकल्पाचं महत्त्व अधोरेखित केलं होतं. लग्न मोडल्याचा राग वेगळा. पत्रिका वाटून झाल्यावर, मुलीचं दुसरीकडे ठरल्याचं गावात सगळ्यांना आधी कळावं, हा राग वेगळा. दुसऱ्या रागाला पहिल्याची कारणं सांगत बसलात तर समोरचा आणखी भडकतो. त्याला वाटतं, याला अजून कळलेलंच नाही.

म्हणून माफीचा मसुदा करायला बसण्याआधी एकच वाक्य कागदावर लिहा: यांना नेमकं काय लागलं? पैसा, पायरी, की शेवटी कळवलं हे? तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

पायरीचा अपमान आणि पोशाखाची भरपाई

हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त या नजरेने आपण ते बघत नाही. १२ मे १६६६, आग्रा, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, पुढे जसवंतसिंग. महाराजांचा संताप उफाळल्यावर बादशहाने समजूत घालायला सरदार पाठवले, सोबत खिलत, म्हणजे मानाचा पोशाख. महाराजांनी खिलत नाकारली. नाकारणारच. रांग चुकली होती, आणि दुरुस्ती वस्त्रांनी चालली होती. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग बिचारा मधल्या मध्ये. यजमान तो, पण रांग बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. मध्यस्थाला नुसती जबाबदारी द्यायची आणि हातात काहीच द्यायचं नाही, ही चूक आजही होते. फक्त आता खिलतीच्या जागी व्यापारातली एखादी सवलत असते.

मांडवात अपमान, माजघरात माफी

११ जानेवारी २०१० ला इस्रायलचे उपपरराष्ट्रमंत्री डॅनी अयालॉन यांनी तुर्कस्तानच्या राजदूताला जाब विचारायला बोलावलं. निमित्त होतं तुर्की टीव्हीवरच्या एका मालिकेत इस्रायली हेरांचं केलेलं चित्रण. राजदूतांना बसायला ठेंगणा सोफा, अयालॉन आणि त्यांचे अधिकारी उंच खुर्च्यांवर, टेबलावर झेंडा एकट्या इस्रायलचा. कॅमेरे आल्यावर अयालॉन यांनी छायाचित्रकारांना हिब्रूत सांगितलं की बघा, तो खाली बसलाय, आम्ही वर, आणि आम्ही हसत नाही आहोत. राजदूतांना हिब्रू येत नव्हती. ते शांत बसून होते. रात्री टीव्हीवर अख्ख्या तुर्कस्तानने ते पाहिलं.

पुढचा प्रकार जास्त शिकण्यासारखा. अयालॉन यांनी आधी एक निवेदन काढलं. आशय असा की माझा निषेध कायम आहे, मात्र राजदूतांचा मान घालवणं ही माझी रीत नाही, यापुढे मुद्दा जरा रीतसर मांडीन. माफी कुठे आहे यात? 'मात्र'च्या आधी सगळा हिशेब चुकता करून घेतलेला. तुर्कस्तानचे अध्यक्ष अब्दुल्ला गुल यांनी बुधवार संध्याकाळची मुदत दिली: माफी आली नाही तर राजदूत परत. मुदत संपता संपता दुसरं पत्र गेलं, थेट राजदूतांच्या नावे. त्यात माफीचा शब्द होता, 'मात्र' नव्हता, आणि हे तुर्की जनतेपर्यंत पोहोचवा अशी विनंती होती. अपमान सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे ती शेवटची विनंती हवीच होती. अंकाराने पत्र स्वीकारलं. पहिलंच असं लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

मसुद्यातले धोक्याचे शब्द तीन: 'जर', 'मात्र', 'गैरसमज'. 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील' म्हणजे दुखावलेल्याचाच दोष. सासूच्या तोंडून ऐकलेलं असतं आपण हे, तरी सरकारी कागदावर सर्रास सापडतं.

फोटोची घाई

आता मॉरिसन. मॅक्रॉन त्यांच्याशी फोनवर बोलले ते थेट २८ ऑक्टोबरला, सहा आठवड्यांनी. दोनच दिवसांनी रोममध्ये मॅक्रॉन कुणाशी तरी बोलत उभे असताना मॉरिसन मागून गेले, खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले. त्यांच्या सोबतच्या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला आणि त्यांच्या कार्यालयाने फोटो माध्यमांना दिला. घरी दाखवायला: बघा, झालं आमचं.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी मॅक्रॉन यांना विचारलं, मॉरिसन तुमच्याशी खोटं बोलले असं तुम्हाला वाटतं का? उत्तर आलं: वाटत नाही, मला माहीत आहे.

समेटाचा फोटो दुखावलेल्याच्या घरून निघावा लागतो. बायडेन यांचा निघाला फ्रेंच कचेरीतून. मॉरिसन यांचा निघाला मॉरिसन यांच्याच छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून.

माणसावरचा राग देशावर ओढून घेणं

त्याच बोलण्यात मॅक्रॉन यांनी ऑस्ट्रेलियन जनतेबद्दल आदर आणि स्नेह आवर्जून व्यक्त केला होता. ही परतीची वाट असते. रागावलेला माणूस अशी एक फट ठेवतो आणि शहाण्याने त्यातून पाय आत टाकायचा असतो. मॉरिसन यांनी ती बुजवली. म्हणाले, माझ्यावर काय टीका करायची ती करा, ऑस्ट्रेलियाचं स्लेजिंग मी ऐकून घेणार नाही. क्रिकेटमुळे या शब्दाचा वास आपल्याला लगेच येतो. घरच्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला ठीक, पण मॅक्रॉन ऑस्ट्रेलियाबद्दल वाईट बोललेच नव्हते.

खासगी निरोप चव्हाट्यावर

वरची चूक झाकायला आणखी मोठी झाली. घोषणेच्या दोन दिवस आधी मॅक्रॉन यांनी मॉरिसन यांना एक संदेश पाठवला होता: आपल्या पाणबुड्यांबद्दल चांगली बातमी अपेक्षू की वाईट? तो संदेश ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत छापून आला. हेतू असा की, बघा, मॅक्रॉन यांना कुणकुण होतीच. पॅरिसने तोच संदेश उलटा वाचला: कुणी सांगितलं असतं तर विचारावं कशाला लागलं असतं? आणि कॅनबेरात परतलेल्या फ्रेंच राजदूतांनी जाहीर भाषणात सुनावलं की मित्रदेशांच्या नेत्यांमधला खासगी मजकूर असा फोडणं हा नवा नीचांक आहे. हा इशारा फक्त फ्रान्सपुरता नव्हता. उद्या दुसरा कुठला पंतप्रधान कॅनबेराला मोकळेपणाने संदेश पाठवताना दोनदा विचार करणार.

जॉन्सन यांनी याचीच दुसरी आवृत्ती काढली. ऑकसनंतर फ्रान्सने लंडनचा राजदूत बोलावलाच नव्हता. ल द्रियाँ यांच्या लेखी ब्रिटन हे या गाडीचं पाचवं चाक होतं. राजदूत न बोलावणं हाही अपमान असू शकतो, हे लक्षात घ्या. त्यावर जॉन्सन वॉशिंग्टनमध्ये अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या फ्रेंचमध्ये थट्टा करून आले की जरा सावरा, मला जरा मोकळं सोडा. दुखऱ्या जागेवर विनोद, तोही समोरच्याच्या भाषेची मोडतोड करून! पुढे २४ नोव्हेंबरला इंग्लिश खाडीत बोट उलटून २७ जण बुडाले. दुसऱ्याच दिवशी जॉन्सन यांनी मॅक्रॉन यांना पत्र लिहिलं आणि ते ट्विटरवर टाकलं. फ्रान्सने ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना दिलेलं बैठकीचं आमंत्रण मागे घेतलं. मॅक्रॉन म्हणाले, अशा विषयांवर नेते एकमेकांशी ट्वीटने बोलत नाहीत. पत्रातल्या सूचना बऱ्या होत्या की वाईट, हा प्रश्न मग उरलाच नाही.

फोनच घेत नसतील तर?

तर रोज पत्रकारांना सांगू नका की आम्ही फोन लावतोय. खालून सुरुवात करा. अमेरिकेने काय केलं ते क्रमाने बघण्यासारखं आहे. २२ सप्टेंबरला बायडेन आणि मॅक्रॉन यांचा अर्धा तास फोन झाला आणि लगेच संयुक्त निवेदन निघालं. निवेदन आधी घोटलेलं असणार, कारण त्यातलं एक वाक्य घाईत सुचणारं नाही: मित्रदेशांमध्ये खुला सल्लामसलतीचा व्यवहार झाला असता तर परिस्थितीला त्याचा फायदा झाला असता. कर्ता शोधा. नाहीच. 'आम्ही चुकलो' कुणी म्हटलं नाही, पण चूक काय ते दोघांनी मिळून लिहिलं. आणि ते पाणबुड्यांबद्दल नव्हतं, न विचारण्याबद्दल होतं. दुखतं तिथेच बोट. खाली तीन गोष्टी बांधलेल्या: युरोपच्या स्वतःच्या संरक्षणफळीला अमेरिकेची मान्यता, आफ्रिकेच्या साहेल भागातल्या फ्रेंच मोहिमेला पाठबळ, ऑक्टोबरअखेर युरोपात प्रत्यक्ष भेट. त्याच कागदावर, फ्रेंच राजदूत पुढच्या आठवड्यात परततील.

राजदूत परतण्याची किंमत आणि तारीख एकाच कागदावर आल्याने मॅक्रॉन यांना घरी जाऊन सांगता आलं की मी फुकटात नमलो नाही. मग ५ ऑक्टोबरला परराष्ट्रमंत्री ब्लिंकेन पॅरिसमध्ये, आणि महिनाअखेर ते व्हिला. तिथेही बायडेन यांनी एक चिमटा काढलाच: मला वाटत होतं, फ्रान्सला केव्हाच कळवलेलं आहे. म्हणजे दोष कॅनबेराकडे. मित्राच्या खर्चाने केलेली माफी मला पटत नाही. पण चालली, हे मान्य करायला हवं.

उतावळे वकील

तिसऱ्याने मध्ये पडावं का? एप्रिल २०२१ मध्ये अंकाऱ्यात तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन आणि युरोपीय परिषदेचे शार्ल मिशेल यांना खुर्च्या मिळाल्या, युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांना बाजूचा सोफा. दोन्ही बाजूंचे शिष्टाचार अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवत असताना इटलीचे पंतप्रधान द्रागी एर्दोआन यांना हुकूमशहा म्हणून मोकळे झाले. सोफा राहिला बाजूला, आणि इटलीच्या राजदूताला जाब द्यायला जावं लागलं. याउलट २०१३ च्या मार्चमध्ये ओबामा इस्रायलहून निघता निघता, विमानतळावरच्या एका ट्रेलरमधून, नेतान्याहू यांचा एर्दोआन यांच्याशी फोन जोडून गेले. तीन वर्षं अडलेली गाझाकडे निघालेल्या तुर्की जहाजावर इस्रायली छाप्यात झालेल्या मृत्यूंबद्दलची माफी त्या फोनवर मागितली गेली. तरी नुकसानभरपाई ठरून राजदूत परतायला २०१६ उजाडलं. मध्यस्थ दार उघडून देतो, आतलं सामान आपल्यालाच हलवावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचं शेवटी कसं मिटलं? मे २०२२ मध्ये मॉरिसन निवडणूक हरले, अँथनी अल्बानीज आले. ११ जूनला त्यांनी नेव्हल ग्रुपशी ५५.५ कोटी युरोंची तडजोड जाहीर केली. १ जुलैला पॅरिसमधल्या एलिझे राजवाड्याच्या पायऱ्यांवर ते मॅक्रॉन यांच्या शेजारी उभे होते. आधी हिशेब, मग हस्तांदोलन. कुणीतरी विचारलं, अल्बानीज यांनी माफी मागावी का? मॅक्रॉन म्हणाले, झालं त्याला हे जबाबदार नाहीत, आम्ही पुढचं बोलणार आहोत.