पुणे कोणत्या वर्गात मोडते? या चुका टाळा

घरभाडे भत्त्याचे कागद भरताना किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करताना हा प्रश्न पुण्यात हमखास निघतो आणि कुठे तरी वाचलेले एकच उत्तर अनेक जण सगळीकडे लिहून मोकळे होतात. मुळात सर्व कामांना चालेल अशी शहरांची एकच यादी आपल्या देशात नाही. प्रत्येक खात्याने आपल्या गरजेपुरती वेगळी वर्गवारी केली आहे.

सर्वाधिक घोटाळा घरभाडे भत्त्यात होतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एक्स, वाय आणि झेड असे वर्ग असून, लोकसंख्येचा ५० लाखांचा टप्पा ओलांडल्यामुळे पुणे एक्स वर्गात गेले. महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३१ लाखच होती, मग हे कसे, अशी शंका येते. येथे महापालिकेची हद्द नव्हे, तर पिंपरी-चिंचवड आणि पुणे, खडकी, देहू रोड ही कटक मंडळे धरून होणारा नागरी समूह मोजला जातो. म्हणून पिंपरीत नेमणूक असलेल्याने आपली महापालिका वेगळी असे समजून वाय वर्गाचा कमी दर मान्य करू नये. हा भत्ता नेमणुकीच्या ठिकाणावर ठरतो, राहत्या घरावर नाही.

आयकरात नेमके उलट, कारण तेथे भाड्याचे घर कोठे आहे हे पाहतात. १९६२ च्या आयकर नियमांत या भत्त्यावरील करमाफीसाठी पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील घरांना होती. एक्स वर्गातले पुणे तेथे ४० टक्क्यांतच बसत असे. त्यामुळे ज्या वर्षाचे विवरणपत्र असेल, त्याच वर्षाचा नियम लावावा.

'अ, ब, क' हे वर्ग महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्यातले असून ते नगरपरिषदांचे आहेत: एक लाखावर अ, चाळीस हजारांवर ब, त्याखाली क. जनगणनेचे सहा वर्ग निराळे. २०११ मध्ये ५७,६९८ लोकसंख्या असलेले लोणावळे जनगणनेच्या दुसऱ्या वर्गात येते, आणि रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात टिअर (लोकसंख्येनुसार पाडलेला स्तर) दोनमध्ये. वर्तमानपत्रे पुण्याला सर्रास 'टिअर टू' म्हणतात, बँकेच्या यादीत मात्र पुणे टिअर एकमध्येच आहे!

जनगणनेने गावाला 'नगर' म्हटले की तेथे नगरपरिषद आली, हाही गैरसमजच. किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढ्यावर ती नोंद होते; कारभार ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो.

शेवटी हद्द. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली, तर २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणून २०११ चा आकडा आजच्या क्षेत्रफळाने भागून काढलेली लोकसंख्येची घनता चुकीचीच येते.