मावशीच्या गोळ्या आणि हाडांचं इंजेक्शन सुरू होण्याआधी

मावशीचा स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलाय. लवकरच रोजच्या गोळ्या आणि हाडांचं इंजेक्शन सुरू होईल. ही ट्रीटमेंट अमुक तारखेला संपणारी नाही. लागू पडेल तोवर चालवायची, मग डॉक्टर दुसरी देतील. आईच्या वेळी आमचं जे राहून गेलं ते कळव्याच्या घरात पुन्हा राहू नये आणि इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी दात. इंजेक्शनची तारीख पडण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड असो की डेनोसुमॅब, दोन्ही हाडांची झीज थोपवतात, फ्रॅक्चरचा धोका कमी करतात. पण जबडाही हाडच आहे. इंजेक्शन चालू असताना दात काढावा लागला तर कधीकधी जखम भरत नाही, आतलं हाड उघडं पडू शकतं. आईची दाढ आधीपासून ठणकत होती. आम्हाला वाटलं, एवढ्या मोठ्या आजारात दाढेचं काय घेऊन बसायचं! पुढे ती काढावी लागली आणि कित्येक महिने तिला धड भाकरी चावता आली नाही. इंजेक्शन थांबवलं की प्रश्न मिटला असंही नाही, झोलेड्रोनिक हाडांत वर्षानुवर्षं राहतं. म्हणून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, आत्ताच काढा. जो दात काढायचाय तो आत्ता काढा, जखम भरू द्या, मग इंजेक्शन. त्यासाठी पहिला डोस पुढे ढकलायचा का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, घरी ठरवू नका. कवळी सैल असेल तर नीट बसवून घ्या, घासूनही जखम होते. मावशी मशेरी लावते हे डेंटिस्टपासून लपवायचं नाही. आणि मशेरी आता बंद.

फाइल. आधार, रेशनकार्ड, झेरॉक्स हे सांगायला नको. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते ट्रीटमेंट सुरू होण्याआधी हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारा. बायोप्सीचे रिपोर्ट जुने आणि नवे दोन्ही हवेत, कारण पसरलेल्या गाठीत ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन) बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरतं. आई आणि मावशी दोघींना हा आजार आहे, म्हणून ब्राका, म्हणजे आनुवंशिक दोषाच्या जीन तपासणीबद्दल विचाराच. त्यात दोष निघाला तर त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. आम्हा मुलींनाही ते कळायला हवं.

गोळ्या पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब असतील तर 21 दिवस घ्यायच्या, 7 दिवस सुट्टी. सोबतची हार्मोनवरची गोळी लेट्रोझोल मात्र रोज, तिला सुट्टी नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, सांगितलेल्या दिवशी झालीच पाहिजे, कारण या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी उतरतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. शेजारच्या काकूंचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, जे काही चालू असेल ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. "आयुर्वेदिकच तर आहे" म्हणून गप्प बसू नका.

दात दाखवले का? नसतील तर पुढचं नंतर वाचा.

थर्मामीटर घरात चालू हवा. ताप 100.4 किंवा त्यावर गेला तर रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटलला फोन करायचा. आधी ताप मोजा, त्यांना सांगा, ते म्हणतील तरच क्रोसिन. क्रोसिनने ताप उतरतो आणि आतलं इन्फेक्शन झाकलं जातं. हाडांच्या पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप येऊ शकतो, तरी तो साधाच आहे हे तुम्ही ठरवायचं नाही.

पाठीत नवं दुखणं, पायांत बधिरपणा किंवा कमजोरी, लघवी-संडासवर ताबा न राहणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर पायांतली ताकद परत येईलच असं नाही. एरवीचं दुखणंही सोसत बसायचं नाही. पॅलिएटिव्हची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची ओपीडी ऐकून घरातले घाबरतात. ती शेवटच्या दिवसांची ओपीडी नाही. दुखणं, झोप, मळमळ, बद्धकोष्ठता हे सगळं तिथे बघतात, आणि मावशीला स्वयंपाकघरात उभं राहायचं असेल तर हेच आधी आटोक्यात यायला हवं.

हाडांच्या प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सांगितलंय तसं. आणि डोस चालू असतानाही दर सहा महिन्यांनी दात. डेंटिस्ट बदलला तर नव्या डेंटिस्टला पहिलं वाक्य हेच सांगायचं: "मला हाडांचं इंजेक्शन चालू आहे." मावशीने हे पाठच करावं.

खारघरच्या हॉस्पिटलला जाताना ठाणे-पनवेल लोकल सरळ जाते. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, कागद जवळ ठेवा. डबा, पाणी, शाल, एसीत थंडी वाजते. पेट स्कॅनला उपाशी जायचं, शुगरच्या गोळ्यांचं आधी विचारायचं, आल्यावर त्या दिवशी अंगात थोडं रेडिएशन असतं, म्हणून नातवाला मांडीवर घ्यायचं नाही.

चालणं रोज, जमेल तेवढं. वजन उचलायचं नाही. गणपतीला गावी जायचंय तर तारीख डॉक्टरांना आत्ताच सांगा. गोळ्या पुरेशा बरोबर, फाइलचे फोटो मोबाइलमध्ये, तिथल्या जवळच्या हॉस्पिटलचा नंबर.