टाकीचा गीझर काढून विजेवरचा टाकीविरहित गीझर बसवताना

ठाणे किंवा नवी मुंबईतल्या घरात न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला पंधरा लिटरचा गीझर काढून त्या जागी विजेवर चालणारा टाकीविरहित गीझर बसवण्याचा विचार अनेक कुटुंबे करतात, आणि बहुतेक जण त्याची सुरुवात दुकानातून करतात. माझे सांगणे असे आहे की ही सुरुवात घरातूनच करावी. आपल्या नळाला येणारे पाणी किती गार असते, ते किती जोराने येते आणि गीझरपर्यंत जाणारी वायर किती भार पेलू शकते, एवढे समजले की कोणते यंत्र घ्यावे हे जवळजवळ आपोआप ठरते. हे न पाहता घेतलेले यंत्र उत्तम कंपनीचे असले तरी कोमट पाणी देते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भिंतीतली वायर तापवत राहते.

आधी हेतू स्पष्ट असावा. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो काढण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही कारणाची गरज नाही. ज्वलनाला हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आंघोळ करणाऱ्याला काही कळण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. जागा अपुरी असणे हेही योग्य कारण आहे, कारण टाकीविरहित यंत्र एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या जागेत मावते. मात्र वीजबिल निम्मे होईल या आशेने बदल करणार असाल तर थोडे थांबावे. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा दोन्ही यंत्रांत सारखीच असते. वाचते ती फक्त टाकीत साठलेल्या पाण्याची उष्णता, जी तासन्‌तास बाहेर निसटत असते. ती चोवीस तासांत किती निसटते हे साठवणीच्या गीझरवरच्या तारांकन लेबलवर युनिटमध्ये छापलेले असते. दिवसभर बटण चालू राहणाऱ्या घरात ही बचत खरी आहे. सकाळी वीस मिनिटे बटण लावून लगेच बंद करणाऱ्या घरात ती नगण्य आहे.

किती किलोवॅट लागतील

हिवाळ्यातल्या सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे घरातली आंघोळीची वेळ असते तेव्हा, नळाचे पाणी थोडे वाहू द्यावे आणि त्यात तापमापक धरावा. खाडीकाठच्या आपल्या हवेत जानेवारीतही पहाटेचे तापमान क्वचितच १५ अंशांखाली जाते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हवेइतके गार पडत नाही. उदाहरणासाठी पाणी २४ अंश सेल्सिअस धरू या. आंघोळीला ४० अंश पुरतात, म्हणजे पाणी १६ अंशांनी तापवायचे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते. त्या हिशेबाने २० लिटरच्या एका बादलीला साधारण ०.३७ युनिट लागते आणि रोज चार बादल्या तापवणाऱ्या कुटुंबाला महिन्याला सुमारे ४५ युनिट. आपले बिल आधीच ज्या टप्प्यात असेल त्या दराने या युनिटांचा खर्च काढावा, सरासरी दराने काढू नये.

आता वेग पाहू. तीच बादली भरायला ३ किलोवॅटच्या यंत्राला साडेसात मिनिटे लागतात, ४.५ किलोवॅटच्या यंत्राला पाच आणि ५.५ किलोवॅटच्या यंत्राला चार. शॉवरची गोष्ट वेगळी आहे. मिनिटाला ९ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरला याच १६ अंशांसाठी १० किलोवॅट लागतील, आणि एका फेजच्या घरगुती जोडणीवर एवढा भार एकट्या गीझरने घेणे व्यवहार्य नाही. पाणी वाचवणारा, मिनिटाला ५ लिटरचा शॉवर बसवला तर मात्र ५.५ किलोवॅटचे यंत्र पुरते. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराने ४.५ किलोवॅटच्या पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाच आणि चार मिनिटांतल्या फरकासाठी वायर आणि मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने आपल्या जोडणीला मान्य केलेला भार, वाढवत बसण्यात अर्थ नाही. परदेशात एकच मोठे यंत्र संपूर्ण घराला गरम पाणी देते. ती यंत्रे बहुधा १८ किलोवॅटच्या पुढची असतात आणि आपल्या सदनिकांच्या जोडणीला ती झेपणारी नाहीत. आपल्याकडे प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र छोटे यंत्र आणि एका वेळी एकच चालू, हीच पद्धत योग्य.

दुकानात ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणाऱ्या १ आणि ३ लिटरच्या गीझरमध्येही छोटी टाकी असतेच. त्यातले साठलेले पाणी संपल्यावर पुढचे पाणी किती गरम येईल हे वरच्याच हिशेबाने ठरते, लिटरच्या आकड्याने नव्हे. म्हणून खोक्यावर किलोवॅटचा आकडा पाहावा आणि आयएसआय चिन्ह असल्याशिवाय यंत्र घेऊ नये.

वायर, एमसीबी आणि मंजूर भार

या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. २३० व्होल्टवर ३ किलोवॅटचे यंत्र १३ अँपिअर प्रवाह ओढते, ४.५ किलोवॅटचे जवळजवळ २० आणि ५.५ किलोवॅटचे २४. न्हाणीघरात आपण ज्याला पॉवर प्लग म्हणतो तो १६ अँपिअरचा असतो. त्यामुळे जुन्या २ किलोवॅटच्या गीझरचा प्लग काढून त्याच जागी ४.५ किलोवॅटच्या यंत्राचा प्लग खोचता येत नाही. खोचला तर पहिल्या दिवशी काही होणार नाही, पण काही महिन्यांत सॉकेट तपकिरी पडून वितळू लागेल. अशा यंत्राला प्लग नसावाच. डीबीतून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) पेटीतून, थेट स्वतंत्र वायर आणून ती न्हाणीघराबाहेरच्या ३२ अँपिअरच्या डबल पोल स्विचमार्फत, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या स्विचमार्फत, यंत्राला जोडावी. ३ किलोवॅटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी, ४.५ किलोवॅटला ४ चौरस मिलिमीटर आणि २५ अँपिअर, ५.५ किलोवॅटला ६ चौरस मिलिमीटर आणि ३२ अँपिअर, असे प्रमाण सुरक्षित ठरते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी लावून देणारा वायरमन भेटला तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा, कारण एमसीबीचे काम यंत्र चालू ठेवण्याचे नसून वायर जळू न देण्याचे आहे.

नौपाडा, कोपरी, वागळे इस्टेट परिसरातल्या जुन्या इमारतींत आणि वाशी-नेरूळच्या सिडकोकालीन सदनिकांत मूळ वायरिंग आजच्या उपकरणांचा विचार करून केलेले नाही. अशा घरात दोन गोष्टी आवर्जून उघडून पाहाव्यात. पहिली म्हणजे तळमजल्यावरच्या मीटरपासून आपल्या घरापर्यंत येणारी वायर. घरातली वायर कितीही जाड घेतली तरी हा टप्पा बारीक असेल तर तापेल तोच. दुसरी म्हणजे अर्थिंग. पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपालाच अर्थची वायर बांधून मोकळे होण्याची पद्धत होती. पुढे नूतनीकरणात ते पाइप काढून प्लास्टिकचे बसवले गेले आणि अर्थची वायर कोठेही न पोहोचता तशीच लटकत राहिली. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे गृहीत धरू नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्यावे.

अर्थिंगइतकाच आवश्यक आहे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी जादा प्रवाहावर तुटतो, पण माणसाच्या शरीरातून जाणारा प्राणघातक प्रवाह त्याच्या दृष्टीने फारच किरकोळ असतो, म्हणून तो तुटत नाही. ती गळती आरसीसीबीच ओळखतो. काही टाकीविरहित यंत्रांत तापणारी तार थेट पाण्यात उघडी असते. तिथे आरसीसीबी नसणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, आणि घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर आच्छादित घटकाचेच, म्हणजे तापणारी तार आवरणात बंद असलेलेच, यंत्र घ्यावे.

यानंतर वीजबिल हातात घ्यावे. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात वितरणाचे काम टोरेंट पॉवरकडे आहे, तिथल्या ग्राहकांनी त्यांच्या बिलावर तो पाहावा. दीड टनाचा वातानुकूलक, मायक्रोवेव्ह, पाणी तापवणारे धुलाई यंत्र आणि इस्त्री यांच्या शेजारी ५.५ किलोवॅटचा गीझर आला की एकत्रित मागणी सहज ९–१० किलोवॅटपर्यंत जाते. मंजूर भार कमी असेल तर भारवाढीचा अर्ज आधी करावा, यंत्र नंतर आणावे. केवळ गीझरसाठी तीन फेजची जोडणी घेऊ नये; तिचा स्थिर आकार दरमहा जास्त भरावा लागतो, गीझर वापरा किंवा न वापरा.

विजेचा दाबही पाहून ठेवावा. सकाळी सगळ्या इमारतीचे गीझर एकदम चालू झाले आणि घरात २३० ऐवजी २१० व्होल्ट मिळू लागले, तर ४.५ किलोवॅटचे यंत्र पावणेचार किलोवॅटच देते. पाणी अचानक कमी गरम येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

पाण्याचा दाब आणि क्षार

गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंतची उंची दहा मीटर असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर ती उंची तीन मीटर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार, आणि तेवढ्यात काही यंत्रांचा प्रवाह-स्विच (पाणी वाहू लागले की वीज लावणारा) चालूच होत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी यंत्राच्या माहितीपत्रकातला किमान दाब आणि किमान प्रवाह वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत खालच्या मजल्यांना उलट काळजी: तिथे दाब जास्त असतो, म्हणून यंत्राचा कमाल दाब पाहावा आणि सोसायटीच्या लाइनवरचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना याची चौकशी करावी.

नवी मुंबईला मोरबे धरणाचे आणि ठाण्याला मुख्यतः भातसा व उल्हास नद्यांचे पाणी मिळते; पृष्ठभागावरचे हे पाणी मऊ असते आणि गीझरला मानवते. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र घटकावर क्षारांचा पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि घटक आतून जळतो. तिथे आत येणाऱ्या पाण्यावर गाळणी लावावी आणि यंत्र उघडून साफ करता येते का हे खरेदीच्या वेळीच विचारावे. इमारतीत सौर गरम पाण्याची लाइन असेल आणि टाकीविरहित यंत्र तिच्या पुढे मदतीला जोडायचे असेल, तर आधीच तापलेले पाणी स्वीकारणारे, तापमान स्वतः ओळखून शक्ती कमी करणारे यंत्रच लागते. साधे यंत्र ते पाणी भाजण्याइतके तापवेल.

बसवण्याचा क्रम

जागा नळाच्या जितकी जवळ तितकी चांगली. अर्ध्या इंची पाइपात दर मीटरला जवळजवळ पावणेदोनशे मिलिलिटर पाणी राहते, म्हणून आठ मीटर दूर बसवलेल्या यंत्रातून गरम पाणी येण्यापूर्वी दर वेळी सुमारे दीड लिटर गार पाणी वाहून जाईल. अंगावर पाणी उडते त्या टप्प्याबाहेर यंत्र बसवावे.

मुख्य स्विच बंद करून टेस्टरने वीज नसल्याची खात्री करावी, अँगल कॉक बंद करावा, जुना गीझर रिकामा करूनच उतरवावा. भरलेला गीझर एकट्याने उतरवू नये. नवे यंत्र भिंतीवर पक्के करून पाण्याच्या जोडण्या कराव्यात. यंत्र खुल्या निर्गमाचे असेल, म्हणजे त्याचा नळ पाणी आत येण्याच्या बाजूला असेल, तर बाहेरच्या बाजूला कोणताही नळ किंवा कॉक लावू नये. बाहेरची वाट बंद झाली की आत वाफेचा दाब चढतो. त्यानंतर वीज न लावता पाणी सोडावे आणि धार अखंड, बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत वाहू द्यावे. कोरड्या घटकाला वीज मिळाली तर तो तेव्हाच जळतो. हे झाल्यावरच वीज लावावी, पंधरा मिनिटे यंत्र चालवावे आणि मग एमसीबी, स्विच आणि वायरच्या पट्टीला कोरड्या हाताने बाहेरून स्पर्श करून पाहावा. किंचित कोमटपणा चालेल. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर जोडणी सैल आहे किंवा वायर बारीक आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरू नये.

रोजच्या वापरात

साध्या यंत्रात पाण्याचे तापमान प्रवाहावर अवलंबून असते. ४.५ किलोवॅटच्या यंत्रातून मिनिटाला चार लिटर पाणी घेतले तर ४० अंशांचे मिळते, पण कोणी स्वयंपाकघरातला नळ उघडला आणि प्रवाह दोन लिटरवर आला तर तेच पाणी ५६ अंशांवर जाते. म्हणून लहान मुलांना धारेखाली थेट उभे करू नये. पाणी बादलीत घेऊन हाताने पाहून मगच अंगावर घालावे. वीज गेली तर साठलेले गरम पाणी नसते, तेव्हा घरात आजारी किंवा बाळंतीण असेल तर गॅसवर पाणी तापवायचे मोठे पातेले काढून ठेवावे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलावा. आत येणाऱ्या पाण्याची जाळी दर तीन-चार महिन्यांनी काढून धुवावी, आणि टँकरच्या पाण्यावर असलेल्या घरांनी पावसाळा सुरू होताच घटकावरचा क्षार एकदा काढून घ्यावा.