क्लासला फी भरण्याआधी: कोल्हापुरात प्रशिक्षणासाठी पैसे कुठून मिळतात

अॅडव्हान्स देण्याआधी क्लासवाल्याला विचारा, "कोर्सला एनसीव्हीईटीची (कौशल्य कोर्सना मान्यता देणारी केंद्र सरकारची परिषद) मान्यता आहे का? क्वालिफिकेशन कोड, म्हणजे मान्य कोर्सचा क्रमांक काय?" छोट्या कौशल्य कोर्सला कोड नसेल, तर कौशल्य कर्जासारख्या सरकारी योजना त्याला सहसा लागू होत नाहीत. 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' या पाटीवर जाऊ नका; दुकान म्हणून नोंदणी केलेला क्लासही ती लावतो.

आधी फुकट काय आहे ते बघा. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय करणारी बँक) म्हणजे बँक ऑफ इंडिया. तिच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ग्रामीण तरुणांना शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती असे कोर्स राहण्या-जेवणासकट मोफत शिकवतात. चप्पल बांधणारे, सुतार, लोहार, सोनार, शिंपी यांच्यासाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. नवरा-बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज कोणाच्या नावावर करायचा ते घरात आधीच ठरवा.

फौंड्री किंवा मशीनशॉपकडे जायचं असेल, तर कर्जाचं नावही काढू नका. शासकीय आयटीआय करा आणि शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कारखान्यात अप्रेंटिस लागा. 1961 च्या कायद्यानुसार अप्रेंटिसला विद्यावेतन द्यावंच लागतं.

इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्ससाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती अर्जाचं पोर्टल) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी) हवा आणि लाभ घरातल्या पहिल्या दोन मुलांपुरताच. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, की हा लाभ गेला. मराठा-कुणबींसाठी सारथी (कोल्हापुरात उपकेंद्र आहे), अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी-भटक्यांसाठी महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षण आणि शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. निकाल लागला की सेतूत गर्दी होते.

मंजूर झालेले पैसे अडकतात ते बहुतेक वेळा आधार सीडिंगपाशी, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारला जोडण्यापाशी. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असं नाही. बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात) वेगळा संमती फॉर्म भरावा लागतो, मग खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जातील त्या यादीत चढतं. तिथे एका वेळी एकच खातं राहतं. शाळेत असताना काढलेलं, आता वापरात नसलेलं खातं मॅपरवर असेल, तर पैसे तिकडेच जातात किंवा परत फिरतात. पतसंस्थेचं खातं यासाठी चालत नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव बरोबर आणि स्टेटस 'अॅक्टिव्ह' दिसलं पाहिजे. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव जुळत नसेल, तर ते अर्जाआधी दुरुस्त करा.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यावर महाडीबीटीवर दर आठवड्याला लॉगिन करा. कॉलेजनं त्रुटी काढली की अर्ज 'सेंट बॅक' होतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही, तर ते वर्ष हातचं जातं.

कर्ज सगळ्यात शेवटी. 2024 च्या सुधारित कौशल्य कर्ज योजनेत तारण न ठेवता 7.5 लाखांपर्यंत मिळू शकतं. बँकेत जाताना कोर्सचा कोड आणि संस्थेचं फीपत्रक सोबत न्या. क्लासमध्येच टेबल मांडून 'नो कॉस्ट ईएमआय' देणाऱ्याकडे मात्र सावध राहा. ते कर्ज तुमच्या नावावर असतं. क्लास सोडला किंवा बंद पडला, तरी हप्ता मागितला जातो आणि थकला की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बिघडतं. फी परत कधी आणि किती मिळणार, हे सही करण्याआधी लेखी घ्या.