जुना डिझेल ट्रक आयडलला (रेस न देता) थरथरतो आणि दिवेही मंद होतात, तेव्हा

मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की चालू राहायला त्याला वीज जवळपास लागतच नाही. म्हणून दोन्ही त्रास एकदम आले तरी शोध वेगवेगळा घ्या.

आधी डिझेल लाइनमधली हवा काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ढकलायचा हातपंप, मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. तरी थरथर राहिली तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टर पाइपचा नट थोडा सैल करा. जिथे आवाज बदलत नाही, तो सिलिंडर अशक्त. त्याचा नोझल (डिझेल फवारणारं इंजेक्टरचं टोक) तपासा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब. चष्मा घालाच आणि बोट जवळ नेऊ नका, डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे फार जास्त दाबाच्या सामाईक पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर, हे कधीच करू नये.

विजेच्या त्रासाचं मूळ बहुधा अर्थच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-चासीला जोडणाऱ्या पट्टीत, असतं. व्होल्ट मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर धरा. स्टॉप केबल (इंजिन बंद करायची केबल) ओढून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही असं ठेवून, स्टार्टर मारताना 0.5 व्होल्टहून जास्त दिसलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. नवी बॅटरी त्यानंतरच. 24 व्होल्टच्या गाडीत चार्जिंग साधारण 27.5 ते 28.5 व्होल्ट हवं.